सिग्नलमधला माणूस आपला कधी होतो?

तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने रस्त्यावरच्या सिग्नलविषयी बोलावं, याचं काहींना नवल वाटलं असेल. पण विचार करा, दिवसातून सर्वांत जास्त वेळा पाळली जाणारी, किंवा मोडली जाणारी, खूण कोणती? घराबाहेर पडलं की पहिल्या मोठ्या चौकात एक लाल माणूस उभा असतो आणि थोड्या वेळाने हिरवा माणूस चालायला लागतो. त्याला नाव नाही, चेहरा नाही. तो आपल्याशी एक अक्षरही बोलत नाही आणि तरी आपण त्याचं ऐकतो. निदान ऐकावं अशी अपेक्षा असते.

आता दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवतो. जर्मनीत नव्वदच्या दशकात हा सिग्नलमधला माणूस बदलायचं ठरलं, तेव्हा त्याला वाचवायला लोकांनी समिती काढली, मोहीम चालवली आणि सरकारला माघार घ्यायला लावली. आज तो बर्लिनची ओळख आहे. कपबशीवर आहे, छत्रीवर आहे, बिस्किटाच्या आकारात आहे. आणि आपल्याकडे, इथून तीनेक किलोमीटरवर दादरला, २०२० साली सिग्नलमध्ये बाईची आकृती आली. बातमी झाली, कौतुक झालं, थोडी थट्टाही झाली. पुढे काय झालं? उद्या त्या आकृत्या कुणी काढून नेल्या, तर दादरमध्ये समिती निघेल का?

मला वाटतं, निघणार नाही. का नाही, हा आजचा प्रश्न आहे. दादरकरांना दोष देण्यासाठी मी तो विचारत नाही. एखादी खूण लोकांना आपली वाटते ती कशामुळे, हे या दोन उदाहरणांतून फार स्वच्छ दिसतं, म्हणून विचारतो.

आधी बर्लिन. कार्ल पेग्लाऊ नावाचे गृहस्थ पूर्व जर्मनीत वाहतूक-मानसशास्त्रज्ञ होते. पायी चालणाऱ्यांसाठी वेगळा सिग्नल असावा आणि त्यात नुसता रंग नको, आकृती हवी, असं त्यांचं म्हणणं. कारण साधं होतं. काही लोकांना लाल आणि हिरव्यातला फरक नीट दिसत नाही. लहान मुलं असतात, म्हातारी माणसं असतात. रंग चुकला तरी आकार चुकू नये. म्हणून लाल माणूस दोन्ही हात आडवे पसरून उभा, जणू फाटकाचा आडणा घातलाय. आणि हिरवा माणूस एक पाय पुढे टाकून निघालेला. दोघेही अंगाने भरलेले आणि डोक्यावर रुंद काठाची टोपी. अंगाने भरलेले यासाठी की काचेतून जास्त प्रकाश बाहेर पडावा. टोपीची गंमत आहे. समाजवादी राज्यात टोपीवाला माणूस फार शेठजी वाटेल आणि वरचे अधिकारी तो नाकारतील, अशी पेग्लाऊंना धास्ती होती. तसं काही झालं नाही. ही चित्रं प्रत्यक्ष कागदावर उतरवायला त्यांच्या सचिव अनेलीझ वेगनर यांचा हात होता. अशा कामात बायकांची नावं सहसा मागे पडतात, म्हणून मुद्दाम सांगतो.

या आकृत्यांचा प्रस्ताव मांडला गेला ती तारीख लक्षात ठेवा. १३ ऑक्टोबर १९६१. बर्लिनची भिंत घालायला सुरुवात झाली १३ ऑगस्ट १९६१ रोजी. म्हणजे बरोब्बर दोन महिने आधी. ज्या राज्याने आपल्या माणसांना पलीकडे जाण्यापासून रोखायला भिंत घातली, पलीकडे जाऊ पाहणाऱ्यांवर गोळ्या झाडल्या, त्याच राज्याच्या एका अधिकाऱ्याने ‘आता पलीकडे जा’ असं हसतमुखाने सांगणारा माणूस काढला. आणि ते राज्य गेल्यावर लोकांनी त्याच्या सगळ्या खुणांमधून नेमकी हीच प्रेमाने जपली. ही काव्यात्म योगायोगाची गोष्ट म्हणून सोडून देता येईल. मला त्यात त्याहून अधिक दिसतं, आणि त्यासाठी थोडं आपल्या घरच्या शास्त्राकडे वळावं लागेल.

शब्दाचा अर्थ म्हणजे काय, हा वाद आपल्याकडे शेकडो वर्षं चालला. ‘गाय’ म्हटलं की अर्थ कोणता? समोरची ही एक गाय? गायीचा आकार, ती शिंगं, ते वशिंड? की सगळ्या गायींत असलेलं गायपण? न्यायसूत्रांत याची उलटसुलट चर्चा होऊन निर्णय असा येतो, की व्यक्ती, आकृती आणि जाती ही तिन्ही मिळून पदाचा अर्थ होतो. कधी एक पुढे येतं, कधी दुसरं. (इथे जाती म्हणजे सामान्य, तो वर्ग. आपल्या समाजाच्या संदर्भातली जात नव्हे. हे मुंबईत वेगळं सांगावं लागतं.)

सिग्नलमधला माणूस या चौकटीत ठेवून पाहा. तो आहे निव्वळ आकृती. त्याने दाखवायची आहे जाती, म्हणजे पादचारी, मग तो कुणीही असो. आणि त्याने अजिबात दाखवायची नाही ती व्यक्ती. या प्रकारच्या चित्रभाषेचे एक थोर जनक म्हणजे व्हिएन्नाचे ओटो नॉयराट. ते तत्त्वज्ञही होते, ज्याला व्हिएन्ना सर्कल म्हणतात त्या मंडळींपैकी. १९२५ साली त्यांनी व्हिएन्नात एक संग्रहालय काढलं. फारसं न शिकलेल्या कामगाराला आपल्या शहराचे आकडे कळावेत, घरं किती, रोगी किती, हे कळावं, म्हणून गेर्ड आर्न्ट्झ या चित्रकाराबरोबर त्यांनी चित्रखुणांची एक पद्धतच उभी केली. त्या चित्रांतली माणसं बिनचेहऱ्याची आहेत, आणि ती मुद्दाम तशी आहेत. चेहरा आला की तो कुणाचा तरी होतो. मग बाकीच्यांना वाटतं, हे आपल्याबद्दल नाही.

नॉयराटांचं तत्त्व पेग्लाऊंनी अर्धंच पाळलं. चेहरा जवळजवळ नाही, पण टोपी आहे, पोट आहे, चालण्यात लगबग आहे. तेवढ्याने आकृती जातीकडून व्यक्तीकडे सरकली. आपल्याला हे नवीन नाही. कमरेवर दोन्ही हात ठेवून ताठ उभी असलेली एक काळी बाह्यरेषा कुठेही काढा, विटेवर काढा, दुकानाच्या पाटीवर काढा, मराठी माणसाला सांगावं लागत नाही कोण उभं आहे ते. डोळे-नाक काही लागत नाही. नुसती ठेवण पुरते.

पण नुसती टोपी असती तर एवढं प्रेम बसलं नसतं. दोन गोष्टी आणखी घडल्या. पहिली, हा माणूस पूर्व जर्मनीतल्या मुलांनी रोज पाहिला आणि तो सांगायचा तसंच व्हायचं. हिरवा झाला की गाड्या थांबायच्या. मुलांना वाहतुकीचे नियम शिकवायला पुढे त्याचाच वापर झाला. म्हणजे तो बालपणाचा सोबती झाला. दुसरी गोष्ट म्हणजे तो जाऊ लागला. ३ ऑक्टोबर १९९० रोजी दोन्ही जर्मनी एक झाल्या आणि ‘एक’ होणं म्हणजे बहुतेक बाबतीत पूर्वेने पश्चिमेसारखं होणं, असा त्याचा अर्थ निघाला. कारखाने बंद पडले, रस्त्यांची नावं बदलली, दुकानातला माल बदलला. सिग्नलमधला जाडा माणूस काढून पश्चिमेचा सडपातळ माणूस बसवायला सुरुवात झाली. आता कारखान्यासाठी भांडणं अवघड होतं, ती लढाई लोक हरलेच होते. सिग्नलसाठी भांडणं शक्य होतं. पश्चिमेकडून आलेल्या मार्कुस हेकहाउझेन या डिझायनरने १९९६ मध्ये भंगारात निघालेल्या काचांपासून दिवे बनवले. त्याच सुमारास त्याला वाचवण्याची मोहीम उभी राहिली. १९९७ मध्ये जुनी आकृती राहू द्यायचं ठरलं, आणि २००५ पासून ती पश्चिम बर्लिनमध्येही बसू लागली. सगळं पश्चिमेकडून पूर्वेकडे आलं, हा एक माणूस उलट्या दिशेने चालत गेला.

याला नुसती गतकातरता म्हणून हिणवणारे तेव्हाही होते. जुन्या हुकूमशाहीचं लाड करणं आहे, असं ते म्हणत. मला ते पटत नाही. लोकांनी भिंत परत मागितली नाही, गुप्त पोलिस परत मागितले नाहीत. त्या सगळ्या कारभारात जी एक गोष्ट शब्दाला जागत होती, तेवढी त्यांनी वेगळी काढून ठेवली. हा फार बारीक विवेक आहे, आणि तो सामान्य माणसांनी केला.

या यशानंतर जगभर नगरपालिकांना कल्पना सुचू लागल्या. न्यूझीलंडने १८९३ मध्ये स्त्रियांना मताधिकार दिला, राष्ट्रीय पातळीवर असं करणारा तो पहिला देश. त्या लढ्यातल्या केट शेपर्ड यांची आकृती २०१४ मध्ये वेलिंग्टनच्या सिग्नलमध्ये आली. कार्ल मार्क्सच्या दोनशेव्या जन्मवर्षी, २०१८ साली, त्याच्या जन्मगावी ट्रीअरला दाढीवाला मार्क्स लाल-हिरवा झाला. (लाल मार्क्सने थांबायला सांगावं आणि हिरव्याने पुढे जायला, यावर काय विनोद झाले असतील ते तुम्हीच ठरवा.) डेन्मार्कच्या आरहूसमध्ये व्हायकिंग आहेत. नेदरलँड्सच्या उट्रेख्टमध्ये डिक ब्रुना यांचा ससा आहे. तैपेईमध्ये १९९९ पासून हिरवा माणूस खरंच पाय हलवतो आणि वेळ संपत आली की पळू लागतो. माझ्या मते या सगळ्यांत तैपेईचा सर्वांत शहाणा, कारण तो चालणाऱ्याला उपयोगी माहिती देतो. बाकी बरेचसे पर्यटकांच्या फोटोसाठी आहेत. त्यात वाईट काही नाही, पण ती वरून दिलेली ओळख आहे, आतून आलेली नाही.

आता घरी येऊ. २०२०च्या ऑगस्टच्या सुरुवातीला, करोनाच्या टाळेबंदीतून शहर जेमतेम डोकं वर काढत होतं तेव्हा, महापालिकेच्या जी-उत्तर विभागाने सिद्धिविनायक मंदिर ते माहीम कॉजवे या पट्ट्यातल्या १३ जंक्शनांवर, सुमारे १२० पादचारी सिग्नलांत, बाईची आकृती बसवायला घेतली. रस्ता म्हणजे स्वातंत्र्यवीर सावरकर मार्ग, जुन्या लोकांचा कॅडल रोड. या पट्ट्यावर शिवाजी पार्क आहे, चैत्यभूमी जवळ आहे, म्हणून त्याला सांस्कृतिक कणा म्हणून विकसित करायची पालिकेची योजना होती, त्यातला हा भाग. तेव्हाचे मंत्री आदित्य ठाकरे यांनी ट्विट करून कौतुक केलं. असं करणारं मुंबई हे भारतातलं पहिलं शहर, असंही छापून आलं.

आकृती कशी होती? कमरेखाली त्रिकोणी झगा घातलेली. जगात बहुतेक ठिकाणी बाई दाखवायची ती अशीच. मेलबर्नमध्ये २०१७ साली अशा दहा आकृत्या बसल्या तेव्हा तिथल्या बायकांनीच विचारलं, आम्ही काय रोज फ्रॉक घालतो? दादरला हा प्रश्न दुप्पट लागू पडतो. कॅडल रोडवर सकाळी तासभर उभे राहा. साडी दिसेल, पंजाबी ड्रेस दिसेल, जीन्स दिसेल, माहीमच्या बाजूला बुरखा दिसेल, मच्छी विकून परतणारी कोळीण दिसेल. त्रिकोणी झगा सर्वांत कमी दिसेल. तो झगा आपण ओळखतो तो मुख्यतः स्वच्छतागृहाच्या दारावरून.

तरीही ते पाऊल योग्य होतं असं माझं मत आहे. ‘काय फरक पडतो, बायकांना कळत नव्हतं का कधी चालायचं ते?’ असं म्हणणाऱ्यांना न्यायसूत्रांचं उत्तर देता येतं. जी आकृती ‘कुणीही’ म्हणून उभी केली जाते, ती प्रत्यक्षात कुणाची तरी असते. आजवर त्या ‘कुणीही’ची पँट होती आणि ते आपल्या लक्षातही आलं नव्हतं. झगा आला तेव्हा पँट दिसली. हे काम त्या आकृतीने केलं, आणि ते लहान नाही.

मग प्रेम का बसलं नाही? इथे मला जे म्हणायचं आहे ते असं. खुणेवर माणसाचा जीव जडतो तो तिच्या रूपामुळे कमी आणि ती शब्द पाळते म्हणून जास्त. हिरवा माणूस हे एक वचन आहे. ‘आता रस्ता तुझा.’ बर्लिनच्या मुलाला ते वचन दररोज पाळलेलं दिसलं. आपल्या मुलाला काय दिसतं? आपण मुलाला शिकवतो, हिरवा झाला की जा. आणि लगेच पुढे सांगतो, पण दोन्हीकडे बघ, डावीकडून वळणारा थांबत नाही, मोटरसायकलवाला उलटा येतो, आणि माझा हात सोडू नकोस. म्हणजे वचन दिल्याबरोबर त्याच्या शेजारी आपणच सूचना लिहितो की हे वचन खरं मानू नकोस. व्हिट्गेनश्टाइनने नियमाची तुलना रस्त्यावरच्या दिशादर्शक खांबाशी केली आहे. खांब स्वतःहून काही सांगत नाही. तो पाहून लोक ठरावीक रीतीने वागतात, त्या वागण्याच्या रिवाजात त्याचा अर्थ राहतो. रिवाज नसेल तर तो रंगवलेला खांब. आपल्या अनेक चौकांत हिरवा माणूस म्हणजे हिरवा दिवा, एवढंच शिल्लक आहे. मग त्याला झगा घाला, फेटा घाला किंवा मुकुट घाला.

आणि जिथे गाड्या खरोखर थांबतात तिथेही वचन सगळ्यांना सारखं मिळत नाही. वाहतूक अभियंते पायी रस्ता ओलांडायला किती सेकंद द्यायचे याचा हिशोब करताना सर्वसाधारणपणे सेकंदाला १.२ मीटर चाल धरतात. वीस मीटर रुंदीचा रस्ता असेल तर साधारण १७ सेकंद. तरुण माणसाला ठीक आहे. माझ्यासारखा सत्तरी ओलांडलेला, गुडघे कुरकुरणारा माणूस सेकंदाला ०.८ मीटर गेला तरी पुष्कळ. मला २५ सेकंद लागतात. मधले आठ सेकंद मी रस्त्याच्या मध्यावर असतो, समोरचा माणूस लाल झालेला असतो, आणि गाड्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केलेली असते. त्या हिशोबातला ‘पादचारी’ कोण आहे? तो तिशीतला, धडधाकट, हात मोकळे असलेला कुणी तरी आहे. म्हणजे काचेवरच्या चित्रात एक व्यक्ती लपलेली होती, तशी त्या सेकंदांच्या आकड्यातही एक लपलेली आहे. चित्र बदललं तेव्हा बातमी झाली. आकडा बदलला तर कुणाला कळणारही नाही, पण तो बदलायला हवा.

हे केवळ गैरसोयीचं प्रकरण नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांत ३२ हजारांहून अधिक पायी चालणारी होती. म्हणजे दर पाचांत जवळजवळ एक.

कुणी म्हणेल, आपल्या लोकांना खुणा पाळायची सवयच नाही, आपला स्वभावच तो. हे मी चिंचपोकळीत बसून ऐकून घेणार नाही. या वस्तीने एक खूण पिढ्यान् पिढ्या अशी पाळली, की बर्लिनकरांनी तोंडात बोट घालावं. मिलचा भोंगा. दिग्विजय, सिम्प्लेक्स, इंडिया युनायटेड, अपोलो, नावं तुम्हाला माहीत आहेत. पहिला भोंगा झाला की चूल पेटायची, दुसरा झाला की डबा घेऊन माणूस जिना उतरायचा. ज्यांचा मिलशी संबंध नव्हता त्यांचंही घड्याळ तेच होतं. शाळेची पोरं भोंग्यावर उठायची. पाळी सुटली की साने गुरुजी मार्गावर आणि लालबागच्या रस्त्यावर माणसांचा लोंढा यायचा आणि त्या लोंढ्यापुढे ट्रामही हळू व्हायची, पुढे बसही. सिग्नल नव्हता, आकृती नव्हती. पण भोंगा सांगायचा ते व्हायचंच. पाळी सुटायचीच आणि रस्ता त्या चालणाऱ्या माणसांचा व्हायचाच.

१८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा. त्यानंतर बऱ्याच मिलचे भोंगे कायमचे थांबले. आजही गिरणगावातल्या जुन्या माणसाला विचारा काय आठवतं. तो पगार सांगेल, युनियन सांगेल, पण भोंग्याचं नाव काढलं की जरा थांबून बोलेल. आता भोंगा म्हणजे काही सुंदर वस्तू नाही. कर्कश आवाज, मालकाच्या वेळेला तुम्हाला बांधणारा. पूर्व जर्मनीतला तो टोपीवालाही शेवटी सरकारचाच माणूस होता. तरी जीव जडला, कारण दोघेही शब्दाला जागत होते, आणि दोघांबरोबर एक जगणं गेलं. फरक एवढाच, की बर्लिनकरांना त्यांचा माणूस वाचवता आला. मिल गेल्यावर भोंगा वाचवून करणार काय?

आकृत्यांवरून ठिकाण ओळखायचीही मुंबईला जुनी सवय आहे. पुढच्याच स्टेशनावर, भायखळ्याला, उंच खांबावर उभे असलेले शेठ कर्सेटजी माणेकजी. त्यांचं नाव किती जणांना ठाऊक आहे? पण ‘खडा पारसी’ म्हटलं की टॅक्सीवाला बरोबर नेतो. काळा घोडा तर त्याहून नामी. सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५ मध्ये हलवला, तो राणीच्या बागेत गेला. ठिकाणाचं नाव मात्र काळा घोडाच राहिलं, घोडा नसताना बावन्न वर्षं राहिलं. २०१७ साली तिथे नवा घोडा आला, पाठीवर कुणी नसलेला. लोकांनी राजाला सोडून घोडा ठेवून घेतला होता, हे पालिकेच्या आधी लोकांच्या बोलण्यात ठरलेलं होतं. आणि आपलं स्वतःचं नाव घ्या. चिंचांची झाडं आणि ती पोकळी, खोलगट जागा, कधीच गेली. नाव आपण रोज स्टेशनवर वाचतो. म्हणजे आकृतीवरून, खुणेवरून जागेला आपलं म्हणायची वृत्ती इथे भरपूर आहे. ती सिग्नलपर्यंत पोचलेली नाही एवढंच.

मग एक आक्षेप येतो, आणि तो गंभीर आहे. आधी फुटपाथ मोकळे करा, झेब्रा पट्टे रंगवा, गाड्या थांबवा, मग आकृत्यांचे लाड करा. मी यातलं निम्मं मान्य करतो. सेकंद आधी, झगा नंतर, हा क्रम बरोबर आहे. पण निम्मं मान्य नाही, कारण आकृती हा फक्त दागिना नसतो. तो दावाही असतो. लोकांनी ज्या खुणेवर आपला हक्क सांगितला, ती खूण मोडणाऱ्याला लाज वाटण्याची शक्यता निर्माण होते. वर्षातला एक दिवस आठवा. आपल्या चिंतामणीचं आगमन. १९२० पासूनचं मंडळ. त्या दिवशी या रस्त्यावर गाडीवाला हॉर्न वाजवत नाही. कोणत्या दिव्याने त्याला थांबवलेलं असतं? त्याला माहीत असतं की आज रस्ता चालणाऱ्यांचा आहे, आणि ते मोडणं वाईट दिसेल. म्हणजे थांबता येतं. (गर्दीचं ते रूप मला सगळंच आवडतं असं नाही. चेंगराचेंगरीची भीती वाटते. पण तो वेगळा विषय.)

व्याख्यान ठरलं तेव्हा आयोजकांनी एक प्रश्न आधीच लिहून दिला होता, की चिंचपोकळीच्या सिग्नलमध्ये आकृती बसवायची झाली तर कोणाची बसवाल? सहज सुचणारी उत्तरं म्हणजे गिरणी कामगार, डबेवाला किंवा लक्ष्मणांचा कॉमन मॅन. कॉमन मॅन मला फार प्रिय आहे, पण तो बघणारा माणूस आहे, चालणारा नाही. वरळीच्या समुद्राकडे बघत उभा आहे तेच बरं. गिरणी कामगार काचेत बसवणं म्हणजे ज्याची वस्ती टॉवरखाली गेली त्याला दिव्यात ठेवणं, मला ते जरा निर्लज्जपणाचं वाटतं. डबेवाला चांगला आहे, पण तो सायकल आणि हातगाडीवाला, त्याला झेब्रा क्रॉसिंगवर फार अडकवू नये.

मी स्टेशनच्या पुलावरून उतरणाऱ्या माणसांकडे बघत आलो आहे. बाई असो, बुवा असो, कॉलेजची पोर असो, केईएमला निघालेल्या पेशंटचे नातेवाईक असोत, भाजी घेऊन परतणारी आजी असो. या सगळ्यांत एक वस्तू सारखी आहे. हातात पिशवी. कापडाची, प्लॅस्टिकची, डब्याची, एक्स-रे ठेवलेली. मुंबईत मोकळ्या हाताने चालणारा माणूस शोधावा लागतो. तेव्हा माझं मत विचाराल तर टोपी नको, झगा नको, फेटा नको. साधा एक माणूस काढा, बाई की बुवा ते कळलं नाही तरी चालेल, आणि त्याच्या हातात भरलेली पिशवी द्या. पिशवीने खांदा एका बाजूला थोडा खाली गेलेला दाखवा, म्हणजे सेकंद मोजणाऱ्या अभियंत्यालाही दिसेल की हा सेकंदाला १.२ मीटर चालणार नाही.